माणसांचे टेकू

संपादकांनी निरोप पाठवला की, "बाई, एवढी वर्षं बाळंतपणं केलीत, गमतीदार प्रसंग लिहा." गमती झाल्या नाहीत असं नाही. डिलाईल रोडला एका सासरेबुवांनी मला उंबऱ्यावर अडवून बजावलं होतं, "नर्सबाई, मुलगा झाला तर लगेच सांगा. मुलगी झाली तर माझं जेवण होऊ द्या." मुलगी झाली. मी मुद्दाम पहिल्या घासालाच सांगितलं. म्हातारा रागावला, पण ताटावरून उठला मात्र नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला एक जिना दिसतो, आणि तो दिसला की बाकीचं काही सुचत नाही. तेव्हा तोच सांगते.

मी म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात मिडवाईफ होते. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत, काम डिलाईल रोड आणि आसपास. त्या काळात सगळ्याच बायका बाळंतपणाला प्रसूतिगृहात येत नसत. नाव नोंदवायच्या, आणि कळा सुरू झाल्या की घरून कुणीतरी आम्हाला बोलवायला यायचं. आम्ही चामडी पिशवी उचलायची आणि निघायचं. घरी आम्हाला लागायचं ते उकळलेलं पाणी, धुतलेली जुनी लुगडी आणि पुरुषांनी गॅलरीत जाऊन बसणं. बाकीचं काम हातांचं. पोटावरून हात फिरवला की मुलाचं डोकं कुठं, पाठ कुठं, पाय कुठं, हे कळायला लागतं. आणि वाट बघता यावी लागते. भीती वाटतेच, ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नसते. बाळंतीण सारखी आमच्या तोंडाकडे बघत असते.

तर ती चाळ. डिलाईल रोडच्या आतल्या गल्लीत दोन मजल्यांची, लाकडी. बहुतेक सगळे कोकणातले, गिरणीत काम करणारे. मागचा जिना आधीच पडला होता. पुढचा एकच उरलेला. पायऱ्या ज्या लांब तुळईवर बसवलेल्या असतात, तिला वाळवी लागली होती आणि भिंतीपासून ती वीतभर सुटली होती. पाय ठेवला की सगळा जिना झोपाळ्यासारखा हलायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खालून एक माणूस ओरडला, "बाईनू, भिंतीक धरून येवा! आणि वर कोण नाय ना, ता बघा आधी!" चाळीत नियमच होता. जिन्यावर एका वेळी एकच माणूस. पाण्याच्या हंड्यासकट बाई आली की ती दोन माणसांएवढी धरायची.

ओरडणारा माणूस म्हणजे तातू राऊळ. पन्नाशीकडे झुकलेला, काळा, रुंद खांद्यांचा. गिरणीत साचे चालवायचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर होता. दुसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा, बायको गावी. त्याच्या शेजारच्या खोलीत गोविंद परब, त्याची बायको शेवंती, दोन मुलं आणि गोविंदाची आई. शेवंतीला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिचं नाव माझ्याकडे आलं.

मालक कुठं असतो हे चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचा मेहता भाडं घ्यायला यायचा, जिन्याचं काढलं की म्हणायचा, "शेठना सांगतो." घर धोक्याचं झालं तर म्युनिसिपालिटीनं मालकाला नोटीस द्यायची आणि तोवर लाकडाचे टेकू लावून जायचं, अशी रीत होती. आमच्या वॉर्डच्या मेंबरनं नुसता शब्द टाकला असता तर काम झालं असतं. मेंबर म्हणजे आताचे नगरसेवक. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं चांगली शिकली आहेत, त्यांनी हा अंक वाचावा आणि वाईट वाटून घ्यावं, असं मला वाटत नाही.

गोविंद आणि तातू मेंबरसाहेबांकडे किती खेपा घालून आले त्याला गणती नाही. गिरणीची पाळी सुटली की आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दादरला जायचे. कधी साहेब सभेला गेलेले असत, कधी जेवून पडलेले. एकदा भेटले तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुमची चाळ म्हणजे माझं घर." गोविंद खूश होऊन आला. पंधरवडा गेला, महिना गेला. पुढच्या खेपेला साहेबांनी विचारलं, "कुठली चाळ म्हणालात?"

गोविंद मला सांगत होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती. "बाई, नाही म्हणा ना! एकदा नाही म्हणाले तर आम्ही दुसरा रस्ता शोधू. हा माणूस हो म्हणतो आणि आम्हाला टांगून ठेवतो."

त्यात चळवळ पेटली. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाले, माणसं मेली. साहेब सरकारी पक्षाचे. लोकांचा त्या पक्षावरचा सगळा राग अशा घराघरांवर निघू लागला. साहेबांच्या खिडक्यांवर दगड पडले आणि दारात पोलीस बसले.

नेमक्या त्याच दिवसांत चाळीनं ठरवलं की आता सगळ्यांनी मिळून जायचं. एका पोराचा पाय पायरीतून खाली गेला होता, मांडीपर्यंत सोलवटलं होतं. गोविंद, तातू, काही बायका आणि पोट दिसू लागलेली शेवंती, सगळे निघाले. मला म्हणाले, "तुम्ही सरकारी कपड्यात आहात, तुमचं ऐकतील." मी गेले.

फाटकात पोलिसानं लाठी आडवी धरली. गोविंद सांगू लागला की आम्ही जिन्याचं सांगायला आलोय. पोलीस म्हणाला, "कालच्यांनी पण असंच काहीतरी सांगितलं होतं." शेवटी माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून त्यानं मला एकटीला आत सोडलं.

आत दिवसा काळोख होता. खिडक्यांना गाद्या उभ्या करून लावल्या होत्या. फुटलेल्या काचा कुणी झाडल्या नव्हत्या. साहेब बाहेरच्या खोलीत नव्हते. स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यांना टेकून पाटावर बसले होते. मतं मागायला आले तेव्हा केवढे धिप्पाड दिसले होते.

"बाहेर किती लोक आहेत?" त्यांनी विचारलं.

"थोडेच. बायकाच जास्त आहेत."

"दगड आहेत?"

"नाही हो साहेब. टेकू मागायला आलेत."

"कुणाला टेकू? सरकारला?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. मी जिन्याचं सगळं सांगितलं. ते मान हलवत होते, पण त्यांचे कान फाटकाकडे होते. बाहेर कुणाचा आवाज चढला की त्यांची बोटं पाटाची कड धरायची. मी बाळंतिणींचे हात असे कॉट धरताना पाहिले आहेत. म्हणाले, "सांगतो. वॉर्ड ऑफिसात सांगतो. पण त्यांना परत इथं आणू नका. मीच कळवीन."

मी बाहेर येऊन तसं सांगितलं. गोविंदानं ऐकून घेतलं आणि एकदम खिडकीकडे तोंड करून ओरडला, "मतां मागूक इलंस तेवा ह्याच जिन्यान चढललंस ना? आता भायर ये!"

पोलिसांनी लाठ्या उगारल्या. तातूनं गोविंदाला कमरेतून उचललं आणि तसाच रस्त्यापलीकडे नेला. शेवंती पोटावर हात धरून मागून धावत होती. गाद्यांच्या फटीतून साहेब बघत होते की नाही, कोण जाणे.

कळवणं काही झालं नाही. टेकूही आले नाहीत.

आठव्या महिन्यात मी शेवंतीचं पोट चाचपलं तेव्हा मूल आडवं लागलं. तिसऱ्या खेपेला असं होतं, पुष्कळदा मूल आपोआप फिरतं. तरी मी तिला सांगून ठेवलं, दिवस भरत आले की आधीच परळच्या मोठ्या इस्पितळात जाऊन राहायचं. ती हो म्हणाली. पण दिवस भरत आले त्याच सुमारास रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गिरण्या बंद, रस्त्यांवर अडथळे, संचारबंदी. दिसेल त्याला गोळी, असं लोक बोलत होते.

त्या दुपारी मी प्रसूतिगृहातच अडकून पडले होते. गोविंद मागच्या भिंतींवरून उड्या मारत आला. गुडघे फुटलेले. "बाई, पाणी गेलं तिचं. कळा सकाळपासून आहेत."

मी पिशवी घेतली. गोविंद आला तसा भिंतींवरून गेला आणि मी सरळ रस्त्यानं निघाले. पांढरी साडी, हातात पिशवी, दोन्ही हात दिसतील असे पुढे धरलेले. डिलाईल रोड इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. फुटक्या बाटल्या, दगड, जळलेल्या टायरचा वास. जन्मापासून कानात असलेली गिरण्यांची घरघर बंद होती. माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. लालबागच्या बाजूनं गोळीचा आवाज आला आणि मी एका बंद दुकानाच्या फळीला चिकटून उभी राहिले. मग परत चालू लागले. पळायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत होते.

जिना चढून वर गेले. शेवंती जमिनीवर, भिंतीला पाय रोवून. मी हात धुतले आणि तपासलं. डोकं जिथं असायला हवं तिथं नव्हतं. माझ्या बोटांना लागलं ते अगदी इवलंसं काहीतरी. पाच बोटं होती. मुलाचा हात आधी खाली आला होता. त्या हातानं माझं बोट धरलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. आडवं मूल, त्यातून हात खाली आलेला, असं बाळंतपण घरी होत नाही, मिडवाईफनं होत नाही. गर्भाची पिशवी जोर लावत राहते, मूल हलत नाही, आणि शेवटी पिशवीच फाटते. मग दोघंही जातात. ऑपरेशन हा एकच उपाय. किती वेळ हातात आहे हे कुणी सांगू शकत नाही.

शेवंती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाई?"

"इस्पितळात जायचंय," मी म्हटलं. "चल, तयारी करू." माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

गॅलरीत येऊन मी गोविंदाला आणि तातूला सगळं खरं सांगितलं. शेवंतीला चालवणं शक्य नव्हतं. खुर्चीत बसवून दोघांनी उचलायची, पुढं मी. म्हणजे चार माणसांचं वजन, आणि जिना एकाच माणसाचा.

"टेकू लावू काहीतरी," गोविंद म्हणाला. "बांबू आहेत ना मंडळाचे?"

बांबू नव्हते. गणपतीच्या मांडवाचे बांबू, फळ्या, बाकडी, सगळं आदल्या दिवशी पोरांनी रस्त्यावर अडथळ्याला नेलं होतं. चाळीत दोन हात लांबीचं धड लाकूड उरलं नव्हतं.

तातूनं जिना वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग म्हणाला, "बाईनू, तुमी तिका घेवन येवा. जिनो आमी धरतंव."

गिरण्या बंद म्हणून सगळे पुरुष घरीच होते. ते एकेक करून, भिंतीला घासत खाली उतरले. काही पहिल्या मजल्याच्या सज्जावर थांबले, बाकीचे तळाशी गेले. खांद्यांवर गोणपाटं घेतली आणि सुटलेल्या तुळईखाली उभे राहिले. उंच असतील ते वरच्या बाजूला, बुटके खालच्या. तातू सगळ्यात अवघड जागी, कोपऱ्यात, जिथं पूर्ण भार येणार होता. त्यानं डोकं तिरकं करून तुळई मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये घेतली आणि ओरडला, "सोडा तिका खाली!"

मंडळाची एकच लाकडी खुर्ची सापडली होती. शेवंतीला तीत बसवून लुगड्यानं बांधली. गोविंदानं मागून पाठ धरली, शेजारच्या खोलीतल्या एकानं पुढचे पाय धरले. मी त्यांच्या पुढं, उलटी, एक हात भिंतीला, एक हात शेवंतीच्या पोटावर. कळ आली की मी "थांबा" म्हणायचे आणि सगळे होते तसे थांबायचे. लाकूड करकरायचं. वाळवीचा भुगा खालच्यांच्या डोळ्यांत पडायचा, पण डोळे पुसायला कुणाला हात मोकळे नव्हते.

शेवटच्या टप्प्यावर पायऱ्यांच्या फटींतून मला खालची तोंडं दिसू लागली. लाल झालेली, दात आवळलेली. सगळे वर बघत होते. शेवंतीनंही त्यांना पाहिलं, आणि त्या अवस्थेत तिनं लुगड्याचा काठ पायांवर ओढला. "सगळे बघतत," ती पुटपुटली.

"कोणी बघत नाही," मी म्हटलं. "डोळे मिटलेत सगळ्यांनी."

खालून एक आवाज आला, "मिटा रे डोळे!" आणि सगळ्यांनी खरंच डोळे मिटले.

खुर्ची जमिनीला लागली. मी वर बघितलं तर गोविंदाची आई जिन्यावर. हातात बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं. तिला वर थांबायला सांगितलं होतं, पण तिला राहवलं नाही. ती अर्ध्यावर असताना कुठंतरी कड्कन आवाज झाला. माणसं बाजूला उड्या मारू लागली. म्हातारी जागीच खिळली.

"आये, चल!" कोपऱ्यातून तातू ओरडला. "मी धरलंय! चल!"

म्हातारी उतरली. शेवटच्या पायरीवरून गोविंदानं तिला ओढून घेतली. आणि मग सगळा जिना तातूच्या अंगावर आला.

धुरळ्यात काही दिसेना. लाकडं उचलून त्याला बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. उजवा खांदा खाली लोंबत होता, गळ्यापासून दंडापर्यंत सगळा आकारच गेला होता. तो एवढंच म्हणाला, "तिका न्हेवा आधी."

हातगाडी एकच होती. दोघांना एकाच गाडीवर घातलं. शेवंती कुशीवर आणि तिच्या पायाशी तातू. गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागलो तर नाक्यावर बंदुका आमच्याकडे वळल्या. मी पिशवी डोक्यावर धरून पुढे झाले. एक तरुण इन्स्पेक्टर आला. मराठीच होता. त्यानं गाडीवर नजर टाकली आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"जा," तो म्हणाला. "पण चालत जा. धावताना दिसलात तर पुढच्या नाक्यावरचे गोळी घालतील."

मग आम्ही चालत गेलो. माझ्या आयुष्यात मी एवढी घाबरले नाही, आधी नाही की नंतर नाही. एक हात शेवंतीच्या पोटावर होता. प्रत्येक कळेला ते दगडासारखं व्हायचं, आणि मी ते परत मऊ होण्याची वाट बघायची. पिशवी फाटली तर हाताला आधी कळणार होतं. गोविंद गाडी ओढत होता आणि त्याचे पाय धावायला बघत होते. मी सारखी म्हणत होते, "हळू, गोविंदा. हळू." तो रडत होता आणि हळू चालत होता.

इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी तिला सरळ आत घेतली. मुलगी झाली. पहिल्यांदा रडली नाही, मग रडली. शेवंतीही वाचली.

तातूचा हात वाचला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. साचे चालवायला दोन्ही हात लागतात. पुढं त्याला गिरणीच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. सुटी होताना साळखात्यातली, म्हणजे साच्यांवरची माणसं बाहेर पडायची तेव्हा तो त्यांच्याशी बोलायचा नाही, दुसरीकडे बघायचा. शेवंतीला खाली आणायचा निर्णय माझा होता. आजही तोच घेईन. पण त्या फाटकावरून जाताना माझी पावलं जड व्हायची.

संचारबंदी उठल्यावर म्युनिसिपालिटीची माणसं लाकडं घेऊन आली. गणपतीच्या आधी नवा जिना झाला, तोवर चाळ शिडीवरून चढत-उतरत होती. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले, आणि त्यानंतर काही वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

एक प्रसंग राहिला. तातू इस्पितळात होता तेव्हा मी शेवंतीला बघायला गेले की त्याच्याकडेही डोकवायची. एका दुपारी त्याच्या खाटेशी स्टुलावर एक माणूस बसला होता. साधा सदरा, टोपी नाही. जवळ गेले तेव्हा ओळखलं. मेंबरसाहेब होते. पोलीस नव्हते, बरोबरही कुणी नव्हतं. शेजारच्या खाटांवर गोळ्या लागलेली पोरं पडली होती. त्यांतल्या एकानं ओळखलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनाही माहीत असणार. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"राऊळ," ते म्हणत होते, "मी वॉर्ड ऑफिसात सांगणार होतो. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग ते दगड, त्या खिडक्या... मी फार घाबरलो होतो हो. घराबाहेर पाय टाकायची हिंमत होत नव्हती."

तातू छताकडे बघत पडला होता. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. शिव्या दिल्या असत्या तर साहेबांनाही बरं वाटलं असतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

तातूनं मान वळवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आमी पण भियालेलंव, सायबानू," तो म्हणाला. "पण शेवंती उतरल्याशिवाय खांदो कोणी काढूक नाय."